कार्बनच्या चाकावरचा जुना गोंद

मी माझ्या भाचीच्या सायकलच्या कार्बनच्या चाकाला रंग काढायचं रिमूव्हर लावलं आणि दाल-बाफले खाऊन झोपलो.

घडलं ते एवढंच. कार्बन ठाऊक नसलेल्याला या वाक्यात काही वावगं दिसणार नाही, आणि बाफले ठाऊक नसलेल्याला ती झोप किती खोल होती ते कळणार नाही. जाड्या कणकेचे गोळे आधी उकडायचे, मग शेकायचे, मग तुपात बुडवून डाळीत कुस्करायचे. असे चार पोटात गेले की माळव्यातला माणूस उठतो तो थेट संध्याकाळच्या चहाला. मी पाच खाल्ले होते. आमचे खापरपणजोबा म्हणे संस्थानच्या फौजेत तोफखान्यावर होते. त्यांनीही कधीतरी तोफेला बत्ती लावली असेल आणि जेवायला गेले असतील. घराण्याची रीत म्हणून मी ती पुढे चालवली.

आता पुन्हा तोच हंगाम आला आहे. दसरा झाला, ऊन पिवळं पडलं, आणि अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत घराघरातून सामान बाहेर पडायला लागलं. गाद्या कठड्यांवर, पितळेचे डबे ओट्यावर, पंख्याची पाती साबणाच्या पाण्यात. इंदूरच्या माणसाला एरवीही सफाईचं वेड आहे. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते तेव्हा आम्ही एका हातात ओला आणि दुसऱ्या हातात सुका कचरा घेऊन असे उभे असतो, जणू आरती चालली आहे. आमच्याकडे आलेला बाहेरगावचा पाहुणा केळीचं साल हातात धरून अर्धा किलोमीटर मुकाट चालतो. दिवाळीआधीच्या पंधरा दिवसांत तर हे वेड अंगात येतं. जे दिसेल ते घासायचं, खरवडायचं, पुसायचं. आपलं संपलं की दुसऱ्याचं.

परवा शेजारी पेंटर लागला. भिंतीपलीकडून एक गोडसर, नाकात सुई टोचल्यासारखा वास आमच्या ओट्यावर आला आणि मी हातातला डबा तसाच ठेवून घरात गेलो. बायकोने विचारलं, "काय झालं हो?" म्हटलं, "काही नाही, ऊन लागलं." ओट्यावर सकाळपासून सावली होती. बायकोने ओट्याकडचं दार लावून घेतलं. तिलाही तो वास ओळखू येतो.

सायली म्हणजे माझ्या ताईची मुलगी. ताई देपालपुरात शाळेत शिकवते. तिथल्या लसणाच्या आणि गव्हाच्या वावरांमधल्या रस्त्यांवर ही पोरगी सायकल शिकली आणि मग उतरायलाच तयार होईना. कॉलेजसाठी ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा दोन पिशव्या कपडे होते आणि एक सायकल, जी ती रात्री पलंगाशेजारी उभी करून झोपायची. ताईने जाताना मला सांगितलं, "पोरगी तुझ्याकडे सोडतेय. तुझ्या बडबडीपासून तिला सांभाळ. बाकी ती स्वतःला सांभाळेल."

बडबड हा माझा धंदाच. अकरावी-बारावीच्या मुलांना मी केमिस्ट्री शिकवतो, आणि उरलेला वेळ घरच्यांना. रविवारी पहाटे सायली मानपुरपर्यंत सायकल मारायची आणि मी मागून स्कूटरवर, डिकीत पाणी, केळी आणि पोह्यांचा डबा. राऊपासून महूपर्यंत माझी एक गोष्ट चालायची, महूपासून मानपुरपर्यंत दुसरी. तिला किती ऐकू जायचं देव जाणे. एकदा मी घसा बसल्यामुळे गेलो नाही तर घरी येऊन म्हणाली, "मामा, आज रास्ता कटतच नव्हता यार."

त्या वर्षी पाऊस संपता संपता तिला ती चाकं मिळाली. तिच्याच क्लबातली एक मोठी ताई लग्नानंतर रेसिंग सोडून बसली होती. तिने भिंतीवरून काढून दिली. म्हणाली, "घे, माझ्याकडे नुसती धूळ खातायत." काळीभोर, कार्बनची, उचलली तर हातात काही आहे असं वाटूच नये. दिवाळीनंतर राज्याच्या संघाची निवड होती. सायलीने आणखी कुणाला सांगितलं नव्हतं, पण मला सांगितलं होतं, "मामा, या चाकांवर माझं होऊन जाईल."

या चाकांची गंमत अशी की त्यांचा टायर आपल्या सायकलसारखा कडांमध्ये अडकत नाही. तो रिमवर चिकटवावा लागतो. दर हंगामाला नवा टायर, नवा ग्लू. जुना नीट निघाला नाही तर नवा धड बसत नाही, आणि वळणावर टायर सुटला तर मग माणूस कुठे जाईल ते रस्ता ठरवतो. त्या चाकांवर वर्षानुवर्षांचे थर होते. सायकलींचे आमचे उस्ताद कैलाशजी. त्यांचं दुकान चौकात आहे. त्यांनी चाक डोळ्याशी धरून सांगितलं होतं, "बेटा, अंगूठे से निकालना. प्लास्टिक की पट्टी चलेगी. लोहा नहीं, आग नहीं, तेज़ दवाई बिलकुल नहीं. टाइम लगेगा. लगने दो."

सायलीने वेळ लागू दिला. संध्याकाळी कॉलेजातून आली की ओट्यावर मांडी घालून बसायची, मांडीवर चाक, पखवाजासारखं. अंगठा दाबून पुढे रेटायचा, की ग्लूची वळकटी व्हायची, वळकटीची गोळी. वरचा थर मधासारखा, त्याखालचा तपकिरी, सगळ्यात खालचा काळा, कडक गुळासारखा. ती म्हणायची, "हा बघा मामा, या साली ती ताई नॅशनलला गेली होती. आणि हा त्याच्या आधीचा." कुठल्या पोरीचे कुठले हंगाम होते कोण जाणे, ही ते अंगठ्याने वाचत बसायची. गोळ्या एका वाटीत साठवायची. त्यातली एक मी हिंगगोळी समजून तोंडात टाकली होती, हे इथे सांगायची गरज नाही, पण आता सांगून झालं.

मागचं चाक करायला तिला बारा संध्याकाळी लागल्या. अंगठ्याची कातडी सोलून निघाली. मग पुढचं चाक सुरू झालं, निम्मं झालं, आणि ती दोन दिवस देपालपुरला गेली. जाताना म्हणाली, "मामा, त्याला हात नका लावू हं. मी आल्यावर करते."

तो रविवार होता. घरात दिवाळीची सफाई, खिडक्यांचा जुना रंग खरवडून झालेला, पेंटर सुट्टीवर, आणि ओट्याच्या कोपऱ्यात त्याचा रिमूव्हरचा अर्धा डबा. स्वयंपाकघरातून तुपाचा वास. मी चाकाकडे बघत होतो. खरं कारण आता लिहून टाकतो. मला तिचा अंगठा वाचवायचा होता असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. तेही होतं. पण त्याहून जास्त मला तिच्या तोंडून "वा मामा!" ऐकायचं होतं. बारा संध्याकाळी जे तिने केलं ते मी एका दुपारी करून दाखवणार होतो.

ब्रशने लावलं. चाक भिंतीला टेकून उभं केलं. आतून हाक आली, "अहो, पान वाढलंय."

दोन तासांनी, कदाचित जास्तच, जाग आली तेव्हा सगळं रिमूव्हर ओघळून चाकाच्या खालच्या भागात जमलं होतं. ग्लू तर असा सुटला होता की फडकं फिरवलं आणि साफ. मी खूश. फडकं काळं झालं. दुसरं घेतलं, तेही काळं. तिसरं, चौथं. केवढा हा मळ, असं म्हणत मी घासत राहिलो. पाचव्या फडक्याला माझ्या लक्षात आलं की मळ केव्हाच संपला आहे. आता जे निघत होतं ते चाक होतं.

खालच्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत, कडेपर्यंत, कार्बनचे बारीक धागे उभे राहिले होते, थंडीत अंगावर काटा यावा तसे. त्या धाग्यांना धरून ठेवणारं जे राळेसारखं असतं तेच मी विरघळवलं होतं. हे मला कळायला डब्यावरची सूचना वाचायची गरज नव्हती. कुठला द्रव काय विरघळवतो, हा धडा मी दर वर्षी तीन तुकड्यांना शिकवतो. उदाहरणांसकट.

त्यानंतर मी जे केलं ते मूर्खपणा नव्हे. मूर्खपणा दुपारी संपला होता. मी बायकोच्या कपाटातून बिनरंगाची नेलपॉलिश आणली आणि ते उभे धागे बसवले. दोन हात दिले. सुकल्यावर बोट फिरवून पाहिलं. छान गुळगुळीत लागलं.

सोमवारी संध्याकाळी सायली आली. पिशवी खांद्यावर तशीच आणि हातात चाक. "मामा! हे तुम्ही केलं? एका दिवसात?" तिचा चेहरा असा फुलला होता की मला कुठे बघावं कळेना. "काय लावलं याला?"

हाच तो क्षण. सहज होतं. एक शब्द पुरला असता. आणि मी म्हणालो, "मेहनत, बाई, मेहनत."

ती हसली. मीही हसलो. "वा मामा!" म्हणाली. मिळालं मला जे हवं होतं ते.

मंगळवारी तिने ग्लूचा पहिला हात दिला, बुधवारी दुसरा, गुरुवारी टायर ताणून बसवला, अंगठ्याने गोल गोल दाबत. दर वेळी मी दारात येऊन उभा राहायचो आणि परत फिरायचो. वाक्यं जुळवून ठेवली होती. वर्गात जाताना, शिकवताना, पोहे खाताना. कधी वाटायचं, इतकं काही झालं नसेल. कधी वाटायचं, उद्या सांगू, आज ती दमलेली आहे. घरात पहिल्यांदाच एवढी शांतता होती. बायकोने बीपी मोजायला लावलं. ते अगदी ठीक निघालं, तेव्हा ती जास्तच घाबरली. सायलीने विचारलं, "मामा, कुणी काही बोललं का तुम्हाला?" मी मान हलवली. ताईचा फोन आला तो मी न उचलता बायकोकडे दिला.

रविवार उजाडला. मानपुरच्या पुढे घाट उतरतो. नवीन टायर, नवा ग्लू, निवडीआधीची शेवटची चाचणी. तिला तो उतार एकदा पूर्ण वेगाने उतरून बघायचा होता. मी मागून स्कूटरवर. राऊ गेलं, महू गेलं. तिचं पुढचं चाक माझ्या समोर फिरत होतं आणि त्यातली ती एक जागा दर फेऱ्याला वर येत होती, खाली जात होती. मला दिसत नव्हती, पण मी ती मोजत होतो. सायलीने दोनदा मागे वळून पाहिलं. एकही गोष्ट ऐकू येत नव्हती ना.

मानपुरला चहाच्या टपरीवर ती थांबली. चहा पिऊन हेल्मेटचा पट्टा आवळला, एक पाय पेडलवर ठेवला. मी स्कूटर तिच्या पुढे आडवी लावली.

"मामा? काय झालं?"

"उतरू नको."

"म्हणजे?"

"घाटात उतरू नको. पुढचं चाक... मी त्याला रिमूव्हर लावलं होतं. रंगाचं. आणि झोपलो."

तिने पेडलवरचा पाय खाली घेतला. मग म्हणाली, "एक नाणं द्या." टपरीवाल्याने परत दिलेलं दहाचं नाणं माझ्या हातात होतं, ते दिलं. तिने सायकल उलटी केली आणि रिमवर नाण्याने ठोकत निघाली, इंच इंच. टिक. टिक. टिक. टिक. कोरडा, स्वच्छ आवाज. टिक. टिक. मग ठप. ओल्या लाकडावर वाजल्यासारखा. पुन्हा तिथेच, ठप. दोन बोटं पुढे, ठप.

"यहाँ तो चमक पण आहे," ती हळू म्हणाली. "मला वाटलं तुम्ही पॉलिश केलं."

"केलं. नेलपॉलिश."

टपरीवाला ओरडला, "क्या हो गया भिया, पंचर हो गया क्या?" सायलीने नाणं माझ्या हातात परत ठेवलं.

"कधी लावलं रिमूव्हर?"

"गेल्या रविवारी."

"मी सोमवारी विचारलं होतं तुम्हाला." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "मेहनत म्हणालात."

इंदूरकडे लसूण घेऊन निघालेल्या एका पिकअपवाल्याने सायकल पोत्यांवर चढवू दिली. सायली मागे पोत्यांवर बसली, चाक मांडीवर घेऊन, तोंड माझ्याकडे. मी मागून स्कूटरवर. मानपुर ते अन्नपूर्णा, एवढा वेळ, ती माझ्याकडे बघत होती आणि मी रस्त्याकडे. लसणाची सालं उडून येत होती आणि माझ्या चष्म्याला चिकटत होती. मी ती पुसत नव्हतो. ती माझ्या डोळ्यांत बघते आहे की माझ्या मागच्या रस्त्याकडे, हे मला कळायला नको होतं.

कैलाशजींनी चाक कानाशी धरून वाजवलं, अंगठ्याने दाबलं, आणि दुकानाच्या पायरीवर ठेवलं. "ये तो गया, बेटा." मग माझ्याकडे वळून, अगदी अदबीने, "सर, आप केमिस्ट्री पढ़ाते हो ना?"

"हो."

"बाहर किसी को बताना मत." आणि मग चाकावरून अंगठा फिरवत, "सोलूशन तो अंगूठे से निकल ही रिया था, सर. आपको किस बात की जल्दी थी?"

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतो आहे. जल्दी कसलीच नव्हती. निवड तीन आठवड्यांवर होती, अंगठा तिचा होता, संध्याकाळी तिच्या होत्या. ओट्यावर बसून ती जे करत होती ते सफाईचं काम आहे असं मला वाटलं, इथेच माझी चूक झाली. आम्हाला स्वच्छ झालेलं दिसलं की पुरे. त्याखाली काय उरलं ते आम्ही बघत नाही.

निवडीला ती जुन्या जड चाकांवर उतरली आणि थोडक्यात राहिली. घरी येऊन तिने पोह्यांवर मूठभर सेव आणि जीरावनचा मसाला घातला आणि शांतपणे खाल्लं. मी म्हणालो, "चाकामुळे..." ती म्हणाली, "नाही मामा. पाय कमी पडले." मला वाटत होतं तिने चिडावं, चाकाचं नाव घ्यावं, म्हणजे मला मान खाली घालून माफी मागता येईल. तिने हरण्यात मला तेवढाही वाटा दिला नाही. ताईला मात्र मी स्वतः फोन केला, सगळं सांगितलं, रिमूव्हर, बाफले, नेलपॉलिश. चाकाबद्दल ताई काहीच बोलली नाही. तिने एवढंच विचारलं, "सहा दिवस गप्प होतास?"

त्या वर्षीच्या दिवाळीत घर असं चकचकीत होतं की पाहुण्यांनी चपला फाटकाशीच काढल्या. चाक मी टाकून द्यायला निघालो होतो. कचऱ्याच्या गाडीवाल्याने ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि विचारलं, "बाबूजी, ये गीला है कि सूखा?" ते दोन्हीत बसेना, तेव्हा त्याने परत केलं. तेव्हापासून ते व्हरांड्यात खिळ्यावर आहे. दर वर्षी सगळं घासून झालं की शेवटी मी ते उतरवतो आणि कोरड्या फडक्याने पुसतो. फडकं अजून जरासं काळं होतं.

पुढच्या वर्षी सायलीची निवड झाली, स्वतःच्या चाकांवर. आता ती दुसऱ्या गावी मुलींना सायकलिंग शिकवते. काल दिवाळीसाठी आली, आणि येताना तिच्या एका विद्यार्थिनीचं चाक घेऊन आली. जुना ग्लू काढायचा आहे. आज दुपारपासून ओट्यावर तशीच मांडी घालून बसली आहे. अंगठा, वळकटी, गोळी. वाटी शेजारी. भिंतीपलीकडून पेंटरच्या ब्रशचा आवाज येतो आहे आणि तो वास. बायको आत बाफले उकडते आहे. मी खुर्चीवर बसून बघत होतो. तिचा अंगठा पुढे सरकत होता, मागे येत होता, आणि मला मानपुरचा तो चहा, लसणाची सालं, सगळं आठवत होतं. काही बोलावं असं वाटेना. बराच वेळ झाला असेल.

तिचा अंगठा थांबला. वर न बघता तिने खिशात हात घातला, एक नाणं काढलं आणि रिमवर ठोकायला सुरुवात केली. टिक. टिक. टिक. पूर्ण गोल, एकही जागा न सोडता.

मी विचारलं, "काय गं, काही बिघडलंय का?"

"नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही कधीपासून गप्प बसलाय मामा. तुम्ही गप्प बसलात की मला चाक तपासावं लागतं."